मुरलेल्या लेखकाने शिबिरास का जावे?

गावात लेखनशिबिर भरणार असे कळले की यादी सुरू होते ती कॉलेजातल्या मुलामुलींपासून. मग कुणीतरी सुचवते, "आपल्या गुरुजींनाही सांगू या का?" त्यावर दुसरा हसून म्हणतो, "छे! गुरुजींची तीन पुस्तकं निघालीत. त्यांना आता काय शिकायचंय? त्यांना अध्यक्ष करू." झाले. गुरुजी खुर्चीवर बसतात, चार अनुभवाचे बोल सांगतात, शाल आणि नारळ घेऊन दुपारच्या एसटीने घरी जातात. शिबिर मागे चालू राहते, आणि ज्याला त्याची फार गरज होती असा एक माणूस तेवढा त्यातून निसटतो.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते या गुरुजींविषयी. आपल्या कोयनाकाठच्या गावांत, पाटण, कराड, शिराळा, वाळवा या तालुक्यांत असे लिहिते हात पुष्कळ आहेत. कुणी शाळेत शिकवतात, कुणी निवृत्त झाले आहेत. दिवाळी अंकांत कथा येते, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लेख येतो, मुलांसाठी एखादे नाटुकले लिहून होते. वीस-पंचवीस वर्षे लिहून हात सरावलेला असतो. अशा माणसाने पुन्हा विद्यार्थ्यांच्या रांगेत सतरंजीवर बसावे काय? माझे उत्तर आहे, बसावे. आणि ते का, ते कार्यशाळा या शब्दातच दडलेले आहे.

कार्यशाळा म्हणजे वर्कशॉप. एसटीच्या आगारात ते असते, धरणाच्या कामावरही असते. तिथे कोणती गाडी जाते हो? कोरी करकरीत गाडी नव्हे. कुंभार्ली घाटात वर्षानुवर्षे चढउतार केलेली, पट्टे झिजलेली, चालते आहे पण एका बाजूला ओढ घेते अशी गाडी तिथे जाते. ओढ घेणे ही मोठी गमतीची गोष्ट आहे. रोज तीच गाडी चालवणाऱ्या चालकाला ती कळत नाही, कारण त्याचा हात नकळत उलट बाजूला जोर लावायला शिकलेला असतो. नव्या चालकाला मात्र पहिल्या वळणाला कळते. लेखनाचेही तसेच आहे. नवशिक्या लेखकाच्या चुका ढळढळीत असतात आणि त्या कोणीही दाखवतो. मुरलेल्या लेखकाला चुका नसतात, सवयी असतात, आणि त्या त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता शिबिरात होते तरी काय, ते आधी सांगतो. लेखनशिबिर म्हणजे भाषणे नव्हेत. दहा-बारा माणसे गोलात बसतात. ज्याचे लेखन असेल त्याने ते वाचायचे, किंवा त्याच्या प्रती आदल्या दिवशी वाटायच्या. नंतर बाकीच्यांनी त्यावर बोलायचे आणि लेखकाने गप्प बसायचे. हे गप्प बसणे फार महत्त्वाचे. "तसं नव्हे, मला असं म्हणायचं होतं" हे त्याने म्हणायचे नाही. का? तर पुस्तक छापले गेल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन त्याला हे सांगता येणार नसते, म्हणून. अमेरिकेतील आयोवा येथील विद्यापीठात १९३६ साली लेखकांची अशी कार्यशाळा रीतसर सुरू झाली आणि पुढे ती पद्धत जगभर गेली. तिथेच १९६७ साली पॉल एंगल आणि त्यांच्या सहकारी न्ये ह्वालिंग यांनी निराळा उपक्रम काढला. तो मुळी नवोदितांसाठी नव्हताच. निरनिराळ्या देशांतील, पुस्तके प्रसिद्ध झालेल्या लेखकांना तिथे बोलावून एकत्र राहायला आणि लिहायला सवड द्यायची, असा त्याचा बेत होता. आपले कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात तिथे होते. त्यांचा 'कविता' हा पहिला संग्रह त्याआधीच, १९६० साली, प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे नाव झालेल्या माणसाने दुसऱ्या लेखकांत जाऊन बसणे हे काही कमीपणाचे मानले जात नाही.

परंतु इतके लांब जायचे कारण नाही. आपल्याच तालुक्यातला दाखला घ्या. कवी यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, हे पाटण तालुक्यातील चाफळचे. समर्थांच्या राममंदिरामुळे चाफळ सर्वांना ठाऊक आहे. या कवीचाही जन्म तिथला, १८९९ सालचा. कवी गिरीश हेही साताऱ्याचे. हे दोघे, माधव जूलियन, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे आणि आणखी काही मंडळी १९२३ पासून पुण्यात रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागली. तेच रविकिरण मंडळ. यांतले बहुतेक आधीपासून लिहीत होते. तरी आठवड्याची कविता घेऊन यायची, ती सर्वांपुढे म्हणायची आणि बरेवाईट ऐकून घ्यायचे, हा परिपाठ. पुढे यशवंत आणि गिरीश यांनी गावोगाव काव्यगायन करून कविता सामान्य माणसाच्या कानापर्यंत नेली. ज्याने आठ माणसांपुढे दर रविवारी परीक्षा दिली, त्याला आठशेंपुढे उभे राहण्याची भीती कमी वाटत असेल, नाही का?

याच मंडळाकडून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेच ते लोक दर आठवड्याला जमले की हळूहळू एकमेकांच्या लकबी सर्वांना गोड वाटू लागतात. एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या कवितेत येतो. हे खोलीतल्या माणसांना दिसत नाही, बाहेरच्याला लख्ख दिसते. आचार्य अत्र्यांना ते दिसले. केशवकुमार या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली आणि १९२५ साली ती पुस्तकरूपाने आली. सारा महाराष्ट्र पोट धरून हसला. शिबिरात आपलीच मित्रमंडळी भरू नयेत, एक-दोन तरी परकी, थोडी खट्याळ माणसे असावीत, असे जे मी म्हणतो ते यावरून.

आता हे सारे कोयनानगरला आणून पाहू. समजा, इथल्या एका शाळेत शिबिर भरले आहे. एका जाणत्या गुरुजींनी भूकंपावर लेख आणला आहे. सुरुवात अशी आहे: "त्या काळरात्री, साखरझोपेत असलेल्या कोयनानगरवर ध्यानीमनी नसताना क्रूर काळाने घाला घातला आणि क्षणार्धात होत्याचे नव्हते झाले."

वाक्य शुद्ध आहे. शाळेत निबंधाला चांगले गुण मिळतील. गोलात बसलेल्या मुलांनी माना डोलावल्या. मात्र त्या दिवशी शिबिरात गावातली एक आज्जीही येऊन बसली आहे. १९६७ साली ती दहा-अकरा वर्षांची होती, आज सत्तरीला टेकली आहे. ती म्हणते, "गुरुजी, राग मानू नका, पण ध्यानीमनी नव्हतं कसं? धक्के तर आधीपासनंच बसत हुते की."

आणि आज्जीचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. धरणात पाणी साठू लागले ते १९६२ च्या सुमारास. तेव्हापासूनच या खोऱ्यात लहान लहान धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज लोकांच्या अनुभवाला येत होते. ते मोजण्यासाठी यंत्रे बसवली गेली होती. १३ सप्टेंबर १९६७ ला एक मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरला, सोमवारी, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी तो भूकंप झाला. पावणेदोनशे ते दोनशे माणसे गेली, हजारांहून अधिक जखमी झाली. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचा जगभर जो अभ्यास झाला त्यात कोयनेचे नाव आजही पहिल्या काही उदाहरणांत घेतले जाते. म्हणजे पाहा, 'ध्यानीमनी नसताना' या तीन-चार अक्षरी सोयीच्या शब्दांनी काय केले? पाच वर्षांची धास्ती पुसून टाकली. आज्जीच्या आईने ज्या रात्री जागून काढल्या असतील त्या लेखातून गेल्या. गुरुजींनी खोटे लिहिले काय? मुळीच नाही. त्यांच्या हाताने लिहिले. अपघात, पूर, भूकंप म्हटले की हाताला ते शब्द आपोआप सापडतात, इतका तो सरावलेला आहे.

आता दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला, "सर, काळानं घाला घातला म्हणजे नक्की काय पडलं?" प्रश्न बाळबोध आहे, आणि म्हणूनच जाणत्यांच्या बैठकीत तो कोणी विचारला नसता. पडल्या त्या दगडमातीच्या जाड भिंती. थंडीच्या दिवसांत माणसे घरात, अंथरुणात, भिंतीच्या कडेला निजलेली होती. काळाला नाव ठेवले की भिंतीचा विचार करायला नको. भिंत कशी बांधली होती, तशी का बांधली होती, पुढे घरे कशी बांधावी लागली, हे सारे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात.

गुरुजी त्या रात्री घरी गेले आणि त्यांनी आज्जीला जवळ धरून पुन्हा लिहिले, असे समजू. कदाचित असे झाले असते: "धक्के आम्हांला नवे नव्हते. मांडणीवरची भांडी वाजली की आई म्हणायची, 'बसला गं,' आणि कूस बदलायची. त्या सोमवारी पहाटे भांडी वाजली नाहीत, पडली." हे पहिल्यापेक्षा साधे आहे, छोटे आहे, आणि हे दुसरीकडच्या भूकंपाला लावता येणार नाही. पहिले वाक्य कुठल्याही भूकंपाला चालले असते.

विस्थापितांविषयी लिहितानाही हेच होते. शिवसागर जलाशयात गावे गेली. तिथली माणसे सातारा जिल्ह्यात इतरत्र, सांगली-सोलापूरकडे, खाली कोकणात, पार ठाण्यापर्यंत विखुरली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कितीतरी वर्षे रेंगाळले. आपल्या लेखांतून मात्र ठरलेले वाक्य असते: "त्यांच्या त्यागामुळे महाराष्ट्र उजळला." शिबिरात अशा एखाद्या घरातला माणूस बसला असेल तर तो विचारील, "आम्ही त्याग केला म्हणता, पण आम्हांला विचारलं होतं का कुणी?" या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. वहीत तो जसाच्या तसा लिहून घ्यावा. भूकंप पाहिलेली, बुडालेल्या गावात रांगलेली पिढी आता थकली आहे. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या तर त्या आपल्यासारख्या सरावलेल्या हातांनीच लिहिल्या जाणार, आणि हाच हात त्या आठवणी गुळगुळीत करून टाकण्याचा धोका सर्वांत मोठा. म्हणून मी मघापासून हा आग्रह धरतो आहे.

ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला सुधारायचे, ही गोष्ट रेडिओला तरी नवी नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे केली. कोयनाकाठ त्या वेळी उत्तर सातारा जिल्ह्यातच मोडे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग तिथेच बसून त्यावर चर्चा करायची, आणि काय पटले, काय अडले ते लिहून पुण्याला धाडायचे. असे वीस कार्यक्रम झाले. श्रोत्यांच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. शेतकऱ्याच्या ओट्यावरून परत आलेला तो कागद म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाती आलेला आरसाच म्हणायचा. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आले. 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली होती. म्हणजे ते नवखे लेखक नव्हते. पुढे माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केले. छापलेली कथा हजार माणसांपुढे सांगताना कुठे हशा येतो, कुठे लोक पंचे सावरू लागतात, ते कळल्यावाचून कसे राहील!

सातारा जिल्ह्याने तर याहून कठीण परीक्षा लेखकांपुढे ठेवली होती. १९५९ साली इथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावच्या गाव साक्षर करायचे, शिक्षकांनी रात्री वर्ग घ्यायचे. पुढे ती मोहीम राज्यभर पसरली. आता पन्नाशीचा शेतकरी अक्षरे वाचू लागला, पण त्याला वाचायला द्यायचे काय? मुलांचे पुस्तक दिले तर त्याला अपमान वाटतो, मोठ्यांचे दिले तर पहिल्या जोडाक्षराला ठेच लागते. अशा वाचकासाठी कसे लिहावे हे लेखकांना शिकवण्याची सोय लखनौच्या साक्षरता निकेतनात वेल्दी फिशर या बाईंनी केली होती. चांगले लिहिणाऱ्यालाही तिथे पहिलीपासून सुरुवात करावी लागणार, हे उघड आहे. साधे लिहिणे हे सरावलेल्या हाताला सर्वांत अवघड जाते.

बरे, शिबिरात लोक जे सांगतील ते सारे मानायचे काय? नाही. इथे जुन्या लेखकाचा अनुभव उपयोगी पडतो. कोयनेच्या पावसात घर गळू लागले की कुठे गळते ते खाली निजणारा माणूस सांगतो. त्याचे म्हणणे खरे मानायचे, कारण अंथरूण त्याचे भिजलेले असते. पण कौल कुठले फुटले आहे ते त्याला ठाऊक नसते. पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडेच ठिबकते. वर चढून फुटके कौल शोधायचे काम घर शाकारणाऱ्याचे. तसे, "मधे कंटाळा आला" असे तिघे म्हणाले तर कंटाळा खरा. "तो संवाद काढून टाका" हा त्यांचा उपाय मात्र खरा असेलच असे नाही. दोष कदाचित दोन पाने अलीकडे असेल.

आणखी एक. जुना लेखक शिबिरात गेला की त्याची जीभ शिकवण्याकडे वळते, त्यातून तो शिक्षक असला तर विचारायलाच नको. एखादी मुलगी आपल्या वाडीच्या बोलीत लिहून आणते, "आय म्हनली, धरणाचं पानी दिसतंय पर प्यायला न्हाई." गुरुजींचा हात लाल पेनाकडे जातो. तिथे हात आवरावा. आपले वाक्य तिच्या वहीत घालू नये. तिचे वाक्य आपण मनात म्हणून पाहावे आणि आपल्या शुद्ध मराठीत ते इतके थोडक्यात सांगता येते का ते आजमावावे.

सर्वच शिबिरे चांगली असतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन दिवसांच्या शिबिरात पहिली सकाळ उद्घाटनाला, दुसरी दुपार प्रमाणपत्रांना आणि मधला वेळ पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावण्यात गेलेला मी पाहिला आहे. तिथे न गेलेले बरे. तसेच, जे लेखन अजून पोटात आहे, ज्याचे स्वतःलाच नीट आकलन झालेले नाही, ते दहा माणसांपुढे ठेवू नये. कोवळ्या रोपाभोवती फार माणसे फिरली की ते तुडवले जाते. आणि काही लेखन असेही असते की पहिल्या ऐकण्यात ते कुणालाच रुचत नाही, तरी लेखकाने त्यावर ठाम राहायचे असते. असे ठाम राहायचे कुठे आणि ऐकायचे कुठे, हे ठरवायला मुरलेला माणूसच लागतो.

आपल्या शाळेत असे शिबिर करायचे मनात आले तर खर्च फारसा नाही. सुगी संपल्यावरचे दोन दिवस निवडा. बाराहून अधिक माणसे नकोत. त्यात निम्मी तरण्या पोरापोरींची, तीन-चार लिहिती माणसे, आणि दोघे-तिघे असे की ज्यांनी आयुष्यात कधी काही लिहिले नाही, पण पुष्कळ पाहिले आहे. छापून आलेले लेखन कुणीही आणायचे नाही, कारण छापलेल्याला माणूस दुरुस्त करू देत नाही. अर्धे झालेले, अडलेले आणावे. वाचणाऱ्याने आपली पुस्तके, पुरस्कार सांगू नयेत. ऐकणाऱ्यांनी 'छान' हा शब्द दोन दिवस घरी ठेवून यावा; त्याऐवजी कुठले वाक्य लक्षात राहिले, कुठे आपण मनाने बाहेर गेलो, कुठे "हे असं नव्हतं" असे वाटले, एवढेच सांगावे. खुर्च्या नकोत, सगळ्यांना सतरंजी. आणि पहिल्या दिवशी सर्वांत आधी वाचायला बसवायचे ते ज्यांची तीन पुस्तके निघाली आहेत त्या गुरुजींना. चहा त्यांचे वाचून झाल्यावर.